नमुना सत्तेचाळीस

खावड्याच्या पुढे, डांबर संपतं तिथे
जुसबनं जीप थांबवली.
इथली माती नेऊन काय करणार, बेन?
हिच्यात तर गवतही उगवायला लाजतं.
मी चमचा ज्योतीत धरून लाल केला, निवू दिला,
लाण्याच्या झुडपाशी वरचं मीठ खरवडलं
आणि वीतभर खालून दोन चमचे उचलले.
वाटलं होतं तो सांगेल,
आमची आजी ही उंटाच्या जखमेवर लावायची.
प्रबंधाच्या प्रस्तावनेत शोभलं असतं.
तो म्हणाला, छे, हिनं तर टाचा फाटतात.

आता बडोद्यात, फतेगंजच्या तिसऱ्या मजल्यावर,
विश्वामित्रीकाठच्या मुलीनं रणाचा स्वयंपाक करायचा:
मीठ पानात वाढायचं नाही,
आधणातच घालायचं, मुठीनं.

दुसऱ्या दिवशी उगवले ते उतावळे.
पिवळे, चिकट, पहिल्या पंगतीला बसणारे.
ह्यांच्याकडून काही मिळत नाही, खानविलकरबाई म्हणाल्या,
ज्याला पसरायची घाई
तो साठवून काय ठेवणार?

सातव्या दिवशी हसमुखभाई
धुवायच्या ट्रेमध्ये प्लेट टाकायला निघाले.
आ तो खाली छे, बेन.
राहू द्या, म्हटलं.
कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अकराव्या दिवशी एक ठिपका.
खडू टेकवून उचलावा तसा,
कोरडा, राखाडी,
सुईनं उकरला तर मुळासकट रुतलेला.
वास घ्यायचा नसतो. मी घेतला.
नुकत्या नांगरलेल्या शेताचा वास,
जिथे नांगर कधी गेलाच नाही तिथून आलेला.

मग त्याच्यासमोर सोडले
इस्पितळातून आलेले हट्टी जंतू,
एकाही गोळीला न जुमानणारे.
सकाळी सगळी प्लेट त्यांची होती,
फक्त ठिपक्याभोवती स्वच्छ गोल.
एकोणीस मिलिमीटर. तीनदा मोजले.
रिकामी जागा पाहून
इतका आनंद होतो हे माहीत नव्हतं.
त्या रात्री मी एकटीनं दोन प्लेट सेव-उसळ खाल्ली,
तिखट रस्सा मागून मागून.
आई फोनवर म्हणाली, म्हणजे नोकरी पक्की?

चैत्रात अहवाल आला.
रेणू ओळखीचा निघाला.
माझ्या जन्माच्या कितीतरी आधी
कुठल्या दूरच्या मातीतून कुणी तो काढला होता,
नाव ठेवलं होतं,
आणि मूत्रपिंडाला सोसत नाही म्हणून सोडून दिला होता.
खानविलकरबाईंनी कागद दोनदा वाचला,
चष्मा काढला, पुसला,
आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.
अठ्ठेचाळीस लिही.

मी लिहिलं. पण डोक्यातून जात नाही:
इथला हा आणि तिथला तो,
मध्ये समुद्र, पर्वत, लाखो वर्षं,
आणि दोघांनी तेच अक्षर गिरवलं.
औषध म्हणून नव्हेच.
औषध हा आपला शब्द.
मिठात, काळोखात, अन्न संपत आलेलं असताना
शेजाऱ्याला इतकंच सांगायचं होतं,
मी इथे आहे. जरा सरक.

त्याची एक कुपी उणे ऐंशीत ठेवली आहे.
वीज गेली आणि जनरेटर खोकू लागला की
मी उगाच जाऊन दारावर हात ठेवते.
ज्यानं रणातली मे महिन्यातली दुपार काढली
त्याला माझ्या हाताची काय गरज.

परवा जुसबचा फोन.
माझ्या मातीतून काय निघालं?
कुणीतरी राहतं तिथे, म्हटलं.
किती जण?
तुमच्या तालुक्यापेक्षा जास्त, एका चमच्यात.
तो बराच वेळ गप्प.
मागे गाडीचं इंजिन, वारा.
मग म्हणाला, आणि मत कुणाला देतात?

अठ्ठेचाळीस अजून कोरी आहे.
आज चौथा दिवस.